हाज्जाच्या हातचा जमीद

एका माणसाला एकच तोंड असून भागत नाही, हे मुफलेहला चाळिशी उलटल्यावर कळलं. त्याआधी तो करक शहरातल्या एका सरकारी कचेरीत कागदांवर शिक्के मारायचा, घरी येऊन जेवायचा आणि फेसबुकवर जमातीचं काम करायचा. कोणी गेलं की 'अल्लाह तुम्हाला सबुरी देवो' आणि कोणाचं ठरलं की 'हजार मुबारक', एवढंच ते काम. आमच्या जमातीत रोज कोणीतरी जातं आणि रोज कोणाचं तरी ठरतं, म्हणून मुफलेहने ही दोन वाक्यं फोनमध्ये साठवून ठेवली होती आणि चहा ढवळता ढवळता तो ती जिथे तिथे चिकटवायचा. एकदा चहा जरा जास्तच गरम होता. तेव्हा चुलत मामाच्या निधनाच्या बातमीखाली 'हजार मुबारक' पडलं. पुसेपर्यंत एकतीस जणांनी ते वाचलं होतं. पुढे तीन दिवस दुखवट्याच्या मांडवात दाराशी उभं राहून त्याने कडू कॉफी वाटली, तेव्हा कुठे मामेभाऊ त्याच्याशी धड बोलले.

शिवाय व्हॉट्सॲपवर जमातीचा गट होता, तीनशे बारा पुरुषांचा. सकाळी फुलांचे फोटो, दुपारी कोणाच्या तरी पोराची पदवी, संध्याकाळी कोणाच्या तरी मूत्रपिंडासाठी दुआ. एके दिवशी मुफलेहचं बोट घसरलं आणि 'मुफलेह गटातून बाहेर पडला' हे वाक्य तीनशे अकरा फोनांवर झळकलं. संध्याकाळच्या, मगरिबच्या नमाजाआधी सात वडीलधारे त्याच्या दारात हजर. कोणी दुखावलं तुला, एवढंच त्यांना हवं होतं. बोट घसरलं हे कोणाला पटेना. शेवटी एका चुलत भावाने कारण नसताना त्याची माफी मागितली आणि मुफलेहने कारण नसताना ती देऊन टाकली.

अशा माणसाने धंदा करायचं ठरवलं, म्हणजे बघा. धंदा जमीदचा. मेंढीच्या ताकाचा चक्का मीठ घालून वळायचा आणि उन्हात दगडासारखा टणक होईतो वाळवायचा. हा जमीद भिजवून त्याच्या रश्श्यात मटण शिजवलं की मनसफ होतं. मनसफाशिवाय आमच्याकडे ना लग्न लागतं ना भांडण मिटतं, आणि करकच्या जमीदचं नाव राजधानी अम्मानच्या बायकाही आदराने घेतात. मुफलेहने फेसबुकवर आपल्याच नावाने पहिली जाहिरात टाकली. तासाभरात चौदा चुलत भावांनी 'मुबारक, आमचा वाटा कुठाय' असं विचारलं. वर कचेरीतल्या साहेबाने ती जाहिरात आवडल्याची खूण केली आणि दुसऱ्या दिवशी, नोकरी करताना धंदा चालतो का हो, असं हसत हसत विचारलं. मुफलेहने जाहिरात काढून टाकली.

तोडगा सुचवला तो रहफने, त्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने. "बाबा, नातेवाइकांना फेसबुकवर ठेवा आणि गिऱ्हाइकांना इन्स्टाग्रामवर. तिकडे काका लोक येत नाहीत. आणि तुमचं नाव नको, फोटो तर नकोच. मिशीवाल्याच्या हातचा जमीद कोण घेईल? तिथे एखाद्या म्हातारीचा, हाज्जाचा हात दिसायला हवा."

म्हातारी घरात होतीच. मुफलेहची आई वदहा, वय त्रेसष्ट, एकोणीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हापासून मागच्या खोलीत राहणारी. एके काळी तिच्या हातचा जमीद आसपासच्या सहा गावांत जायचा. मग गुडघे गेले आणि ते काम सुटलं. मुफलेहने ती शेंगा सोलत असताना तिच्या हातांचा फोटो काढला. कशाला रे, असं तिने विचारलं. आठवण म्हणून, असं तो म्हणाला. तिच्याकडे स्वतःचा बटणांचा फोन होता, त्यात फोटो दिसत नसत. त्यामुळे आपले हात 'हाज्जाच्या हातचा जमीद' या नावाखाली आता देशभर हिंडताहेत, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता. विकायचा जमीद मुफलेह एका धनगराकडून घ्यायचा.

इन्स्टाग्रामवरचं पान चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. कारण मुफलेहला आपल्यातली हाज्जा सापडली. कचेरीत शिक्क्यावरची शाई वाळेपर्यंत तो टेबलाखाली फोन धरून बायकांना उत्तरं द्यायचा. रस्सा फुटतो म्हणून अम्मानची कोणी सून रडकुंडीला आली की हाज्जा लिहायची, "लेकी, एकाच दिशेनं ढवळ आणि सासूला स्वयंपाकघरातून बाहेर काढ." एखादी विचारायची, जमीद फोडायचा कसा? हाज्जा म्हणायची, "हातोडी कशाला? पाण्यात ठेव आणि दुसरं काम कर. सारखं झाकण उघडून बघू नकोस." लोक हे वाक्य एकमेकांना पाठवायला लागले. वर्षभरात हाज्जाच्या मागे चौदा हजार माणसं झाली. मुफलेहच्या स्वतःच्या मागे चारशे होती, त्यातली तीनशे अकरा जमातीची. खरं सांगायचं तर त्याला हाज्जा होणं आवडायला लागलं होतं. मुफलेहला कोणी काही विचारत नसे. हाज्जाला सगळे विचारत.

त्यातच एक होता मादबाचा हाज् अव्वाद, निवृत्त भूगोल शिक्षक. तो लिहायचा ते पूर्णविराम, स्वल्पविरामांसकट. बायको जाऊन तीन वर्षं झाली, असं त्याने पहिल्याच निरोपात कळवलं, आणि एकट्या माणसाने मनसफ किती करावं असं विचारलं. हाज्जाने उत्तर दिलं: "एकट्यासाठी शिजवायचं असलं तरी पातेलं मोठं घ्या. लहान पातेल्यात माणूस आणखी एकटा दिसतो." त्यानंतर हाज् अव्वाद दर आठवड्याला दोन किलो जमीद मागवू लागला. एकटा माणूस आठवड्याला दोन किलो जमीदचं करतो काय, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मुफलेहला पडला नाही. चांगल्या गिऱ्हाइकाला असले प्रश्न विचारू नयेत, एवढा धंदा त्याला कळत होता.

एकदा हाज् अव्वादने लिहिलं, आपल्या वयात गुडघे साथ देत नाहीत, आपण इतका वेळ बसून कसं वळता? नेमकी त्याच वेळी आई जिन्यावरून कण्हत उतरत होती. मुफलेहने ऐकलं आणि लिहून टाकलं, "उजवा जास्त दुखतो. उतरताना." आठवड्याने मादबाच्या गाडीवाल्याबरोबर एक काचेची बरणी आली, हाज् अव्वादच्या बहिणीने जैतुनाच्या तेलात कसल्या कसल्या मुळ्या उकळून केलेलं मलम. मुफलेहने ती कचेरीच्या खणात ठेवली. दिवसभर टेबलाखाली वाकून त्याची मान आखडायची, तिला मलमाचा चांगला गुण आला.

आणि मग वसंतात हाज् अव्वादने विचारलं, "काही बोलायचं असेल, तर आपल्या घरातल्या कोणत्या पुरुषाशी बोलावं?"

मुफलेहला वाटलं, लग्नाची मोठी ऑर्डर. आता कोणताही करकवाला सांगेल की विधवेने परक्या पुरुषाला आपल्या घरच्या कर्त्याचं नाव सांगितलं, म्हणजे निम्मा होकार झाला. हे मुफलेहलाही ठाऊक होतं. पण तो त्या वेळी मुफलेह नव्हता, हाज्जा होता, आणि हाज्जाला आपण विधवा असल्याचा विसर पडला होता. त्याने लिहिलं, "माझा मुलगा मुफलेह सगळं पाहतो." एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण स्वतःची स्तुती दुसऱ्याच्या तोंडून करायची संधी रोज येत नाही. त्याने पुढे जोडलं, "फार गुणी मुलगा आहे. आईला विचारल्याशिवाय पाणीही पीत नाही."

चार दिवसांनी फोन आला. नव्वाफ बाशा, मादबाचे मोठे निवृत्त लष्करी अधिकारी. शुक्रवारी दुपारी, असरच्या नमाजानंतर चाळीस माणसं घेऊन येतो म्हणाले, शुभकामासाठी. चाळीस माणसं आणि शुभकाम म्हणजे जाहा, मागणी घालायला येणारं वडीलधाऱ्यांचं मंडळ. अशा वेळी 'कोणासाठी' असं विचारणं म्हणजे दार तोंडावर आपटणं. मुफलेह 'या, घर तुमचंच आहे' म्हणाला आणि फोन ठेवून रहफकडे बघत बसला.

पुढच्या दोन दिवसांत त्या पोरीचे नाकी नऊ आले. तिने कुराणावर हात ठेवून सांगितलं की मादबात ती एका कुत्र्यालासुद्धा ओळखत नाही. तिच्या आईने, मुफलेहच्या बायकोने, तिचा फोन काढून घेतला, आणि त्यात अभ्यासाखेरीज काहीच नाही हे बघून तिला आणखी संशय आला. इकडे मुफलेहने गटावर लिहिलं, 'शुक्रवारी आमच्या घरी जाहा येत आहे, आपली उपस्थिती हा आमचा मान.' तीनशे अकरा 'हजार मुबारक' आले. पाहुणे चाळीस, तर यजमान निदान पन्नास हवेत. भाड्याच्या खुर्च्या आल्या, गोड कुनाफ्याची ताटं आली. मुलीकडून उत्तर द्यायला वडिलांचे थोरले भाऊ, ऐंशीचे अबू शाहेर काका बसले. असली उत्तरं त्यांनी आजवर दोनशे तरी दिली असतील.

शुक्रवारी दिवाणखाना भरला. नव्वाफ बाशांसमोर कॉफीचा पेला आला, त्यांनी तो न पिता खाली ठेवला. रीतच तशी आहे: मागणी मान्य होईपर्यंत पाहुणा कॉफीला तोंड लावत नाही. चाळीसच्या चाळीस पेले खाली टेकले. बाशा उभे राहिले. त्यांनी अल्लाहची स्तुती केली, करकच्या माणसांची केली, मग मुफलेहकडे हात करून म्हणाले की आईला विचारल्याशिवाय पाणीही न पिणारा मुलगा ज्या घरात आहे, त्या घराशी नातं जोडणं हे भाग्य. हे वाक्य मुफलेहला ओळखीचं वाटलं.

"म्हणून," बाशा म्हणाले, "आमचे बंधू हाज् अव्वाद यांच्यासाठी आम्ही या घरची थोर बाई, हाज्जा वदहा यांचा हात मागायला आलो आहोत."

अबू शाहेर काकांना ऐकू कमी येतं. ते सवयीने उठले आणि म्हणाले, "मुलगी तुमचीच आहे. अजून लहान आहे, शिकते आहे, पण तुम्ही म्हणाल तेव्हा—" बाजूच्याने त्यांचा अंगरखा ओढून त्यांना खाली बसवलं.

आमच्याकडे विधवेला मागणी येतच नाही असं नाही. पण तिला चार माणसं येतात, गुपचूप, आणि कॉफीऐवजी चहा पितात. हाज् अव्वाद मात्र अडून बसला होता की चौदा हजार माणसं जिच्या मागे आहेत त्या बाईला मागायला चार जणांनी जाणं हा तिचा अपमान आहे. कोपऱ्यातून तो स्वतःच उठला. मागणीत नवरदेवाने बोलायचं नसतं, पण शिक्षकाला कोण गप्प करणार? उंच, वाळका, इस्त्रीचा जुना कोट घातलेला. त्याने खिशातून फोन काढला, चष्मा लावला आणि नव्वद पुरुषांसमोर हाज्जाची उत्तरं वाचू लागला. मोठ्या पातेल्याचं. झाकणाचं. एकाच दिशेनं ढवळायचं. उजव्या गुडघ्याचं, आणि त्यावर आपण मलम पाठवलं तेही. माना डोलायला लागल्या. मुफलेहच्या चुलत भावांपैकी दोघांनी आपापले फोन काढून पान शोधलं, आणि एकाने मुफलेहकडे जरा विचारी नजरेने बघितलं.

मुफलेहची पाचावर धारण बसली. खरं सांगावं, तर उद्यापासून करकमध्ये त्याला 'हाज्जा' म्हणूनच हाक येणार. त्याच्या पोरांनाही तेच नाव लागणार, ते नातवंडांपर्यंत पुसलं जाणार नाही. खरं दडवावं, तर आईला मादबाला पाठवावं लागणार. आणि खरं सांगायचं, तर काही क्षण त्याने दुसऱ्या पर्यायाचा गंभीरपणे विचार केला. ही त्याची लाज इथे लिहून ठेवायलाच हवी.

"आईला विचारून येतो," तो म्हणाला. बाशांनी कौतुकाने मान हलवली.

आई जिन्यात उभी होती. खिडकीतून तिने सगळं ऐकलं होतं. मुफलेहने मान खाली घालून सगळं सांगितलं: हातांचा फोटो, पान, टेबलाखालची उत्तरं. ती म्हणाली, "वाच. तो काय वाचत होता ते वाच मला."

त्याने वाचलं.

"झाकणाचं," ती म्हणाली, "तू दहावीच्या निकालासाठी रोज टपालवाल्याच्या दारात बसायचास, तेव्हा मी तुला बोलले होते ते. आणि ते पातेल्याचं, तुझा बाप गेला त्या महिन्यात. तू म्हणालास, आई, आपण तिघंच तर आहोत, एवढं मोठं पातेलं कशाला."

मुफलेहला आठवलं. त्याला वाटत होतं ते त्यालाच सुचलं.

"आणखी वाच."

"आपली ऑर्डर आमच्यासाठी बहुमोल आहे," त्याने वाचलं.

"हे तुझं," आई म्हणाली. "हे मी मेले तरी बोलणार नाही."

ती एक पायरी उतरली आणि कण्हली. "एकोणीस वर्षं या घरात मला लोक विचारतात, मीठ कुठंय, किल्ली कुठंय. त्या माणसानं माझ्या गुडघ्याचं विचारलं. आणि तू त्याला सांगितलंस पण. उजवा, उतरताना. म्हणजे तुला माहीत होतं." मुफलेहने आधाराला पुढे केलेला हात तिने घेतला नाही. "तो म्हणाला, मलम पाठवलं होतं. कुठंय?"

"कचेरीत."

"कचेरीत काय करतंय?"

"मानेला लावत होतो," मुफलेह म्हणाला, आणि त्या दिवसात पहिल्यांदा त्याला मनापासून रडू आलं.

आईने डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि त्याला बाजूला सारून ती थेट दिवाणखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली. नव्वद माणसं उठली. ती म्हणाली, "बसा. मी वदहा. हे हात माझे आणि बोलणंही माझंच. पण लिहिलं ह्यानं, मला न विचारता. जमीद मी सात वर्षांत वळलेला नाही, धनगराकडून येतो. आता ज्याला हसायचंय त्यानं हसून घ्या."

हसले. अबू शाहेर काकांना समजावून सांगावं लागलं, मग तेही हसले, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ. मुफलेह दाराआड उभा राहून ते सगळं ऐकत होता. हाज् अव्वाद हसला नाही. त्याने फोन खिशात ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "गुडघा खरंच दुखतो, की तेही त्यानंच लिहिलं?"

"दुखतो," ती म्हणाली.

"उजवाच?"

"उजवाच."

मग तिने बाशांना सांगितलं, "कॉफी प्या. पाहुणे म्हणून प्या, होकार समजू नका. उत्तर हवं असेल तर ह्यांनी माझ्या फोनवर विचारावं. मुलाला विचारू नये, आणि त्या पानावर तर नकोच." आणि तिने बटणांच्या फोनचा नंबर नव्वद माणसांसमोर एकेक आकडा करून सांगितला. बाशा आयुष्यात पहिल्यांदा गोंधळले. नुसती पाहुणा म्हणून कॉफी प्यायची रीत जाहात नाही. मग त्यांनी पेला उचलला. कुनाफा मात्र सगळ्यांनी होकार असल्यासारखाच खाल्ला.

आता महिना झाला. मुफलेहला कचेरीत, मशिदीत, भाजीवाल्याकडे 'हाज्जा' म्हणतात. साहेबसुद्धा म्हणतात, पण धंद्याचं काही विचारत नाहीत, कारण त्यांच्या बायकोचा जमीद हाज्जाच्या पानावरूनच येतो. मलमाची बरणी आईच्या उशाशी आहे. रोज असरनंतर तो बटणांचा फोन वाजतो, आई दार लोटून घेते आणि मग आतून तिचं हसणं ऐकू येतं. हे हसणं मुफलेहने वडील होते तेव्हा शेवटचं ऐकलं होतं. होकार दिला का, हे विचारायची त्याची छाती होत नाही.

पान अजून आहे, पण उत्तरं आटली. तो फोन हातात धरून बसतो, काही सुचत नाही, लिहितो आणि पुसतो. अम्मानच्या एका सुनेने परवा चौथ्यांदा विचारलं: हाज्जा, माझा रस्सा पुन्हा फुटला, तुम्ही बोलत का नाही, तुमची तब्येत बरी आहे ना?

शेजारच्या खोलीतून हसणं येत होतं. मग मुफलेहने लिहिलं, "हाज्जा फोनवर आहे."